दाबोळी: नौदलाच्या अंगणातला विमानतळ

पुण्याहून गोव्यातल्या दाबोळीला विमानाने जाणारा माणूस एका लष्करी धावपट्टीवरून उडतो आणि दुसऱ्या लष्करी धावपट्टीवर उतरतो. लोहगावची हवाई दलाची, दाबोळीची नौदलाची. प्रवास जेमतेम तासाभराचा. चहा येतो, कप परत गोळा होतात, तोवर खाली सह्याद्रीची कड संपून नारळाच्या बागा सुरू झालेल्या असतात. याच वाटेने १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं लोहगावहून दाबोळीला आली होती, हे विमानातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ठाऊक असण्याचं कारणही नाही. सुट्टीला निघालेल्या माणसाने एवढं ओझं कशाला न्यायचं? मला मात्र ते नेल्याशिवाय करमत नाही, आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना ते ऐकल्याशिवाय सुटका नसते.

पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानाच्या उजव्या खिडकीतून जुवारी नदी आणि तिच्यावरचा तारांनी तोललेला नवा पूल दिसतो. मग एकदम जमीन वर येते. दाबोळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५६ मीटर उंचीवर, जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याला सडा म्हणतात तसलंच हे पठार. पावसाळ्यात हिरवंगार, मार्चनंतर करपलेलं आणि शेतीच्या फारशा उपयोगाचं नसलेलं. गोव्यासारख्या नद्या, खाजणं आणि डोंगरांच्या मुलखात सव्वातीन-साडेतीन किलोमीटरची सपाट पट्टी शोधायची तर अशाच सड्यावर यावं लागतं. इथून मुरगाव बंदर हाकेच्या अंतरावर आहे, आणि ज्यांनी ही जागा निवडली त्यांच्या दृष्टीने ते तितकंच महत्त्वाचं होतं.

ज्यांनी निवडली ते पोर्तुगीज. साडेचारशे वर्षं गोव्यावर राज्य करूनही त्यांना इथे विमानतळाची गरज वाटली नव्हती. ती वाटली १९५४ नंतर, घाईघाईने, आणि त्यात मराठी माणसांचा चांगलाच हात होता. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. सिल्वासा २ ऑगस्टला पडलं. त्या तुकड्यांत राजाभाऊ वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि संगीतकार सुधीर फडकेही होते. दमणमध्ये पोर्तुगिजांची शिबंदी होती, पण मधला मुलूख भारताचा, आणि भारताने त्यातून सैन्य नेऊ दिलं नाही. पोर्तुगाल या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६० मध्ये निकाल लागला. खासगी नागरिक आणि मालाला हक्क होता, सशस्त्र सैन्याला नव्हता, असं न्यायालयाने सांगितलं. तोवर लिस्बनला एक गोष्ट कळून चुकली होती. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे जमिनीवरून एकमेकांशी जोडता येणार नाहीत.

दादरा-नगर हवेलीनंतर पुढच्याच वर्षी नानासाहेब गोऱ्यांची सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली, १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक जण मारले गेले, आणि भारताने नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकमार्गे येणारी रेल्वे थांबली. गोव्यातले जुने लोक अजून त्या दिवसांत हॉलंडहून आलेल्या बटाट्यांची गोष्ट सांगतात. जहाजं बटाटे आणू शकत होती, पण टपाल, अधिकारी, आजारी माणसं आणि निरोप यांना आठवडेच्या आठवडे समुद्रावर ठेवून चालत नव्हतं. दाबोळीची धावपट्टी या निकडीतून १९५५ मध्ये वापरात आली. जोडीला दमण आणि दीव इथेही छोट्या धावपट्ट्या झाल्या. गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्ड गेदेश यांचं नाव दाबोळीला दिलं गेलं. त्याच वर्षी पोर्तुगीज इंडियाची स्वतःची विमानकंपनी निघाली. तिच्या लांबलचक पोर्तुगीज नावाची आद्याक्षरं घेऊन तिला टीएआयपी म्हणत. हेरॉन, वायकिंग अशी तिची विमानं दमण-दीवला जात आणि कराचीला जात. कराचीच का, याला दोन कारणं. भारताचं आकाश बंद असताना समुद्रावरून गाठता येणारं ते जवळचं मोठं शहर होतं, आणि तिथे गोवेकरांची जुनी, बऱ्यापैकी नांदती वस्ती होती. पुढे याच कंपनीची मोठी विमानं मध्यपूर्वेतून थेट लिस्बनपर्यंत जाऊ लागली.

वेढलेल्या राज्याने काढलेली खिडकी म्हणजे दाबोळी. ती सहा-साडेसहा वर्षं उघडी राहिली.

१८ डिसेंबरची हकीकत वाचताना मला नेहमी त्या कारवाईतला संयम आठवतो. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या बारा कॅनबेरांनी काही मिनिटांत सुमारे ६३,००० पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकले. दुसऱ्या फेरीत आठ कॅनबेरा आल्या. धावपट्टी उखडायची, पण टर्मिनल आणि इमारतींना हात लावायचा नाही, असा स्पष्ट आदेश होता. कारण उघड आहे. उद्या हे सगळं आपल्यालाच वापरायचं होतं. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. खाली मुरगावच्या तोंडाशी ‘आफोंसो द अल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय नौदलाशी झुंजून किनाऱ्याला लागली.

दाबोळीच्या फरसबंद तळावर तेव्हा दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरं डग्लस कंपनीचं. ती शाबूत हाती लागावीत म्हणून त्यांनाही वगळलं होतं. त्या रात्री पोर्तुगीज वैमानिकांनी उखडलेल्या धावपट्टीच्या धड राहिलेल्या तुकड्यावरून, अंधारात, दोन्ही विमानं उडवून नेली. माणूस कुठल्याही बाजूचा असो, असल्या उड्डाणाला दाद द्यावीच लागते. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पंतप्रधान सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही, आणि त्याची शिक्षा म्हणून मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आलं. तीन हजारांवर युद्धकैदी काही महिने गोव्यात होते. मे १९६२ मध्ये त्यांना भाड्याच्या फ्रेंच विमानांतून कराचीला आणि तिथून जहाजाने लिस्बनला पाठवलं गेलं. जायचा रस्ता पुन्हा कराचीचाच.

दाबोळी विमानतळ नौदलाकडे कसा, असा प्रश्न गोव्यात निवडणुकीच्या आसपास हमखास विचारला जातो. उत्तर कंटाळवाणं आहे. एप्रिल १९६२ मध्ये, गोवा लष्करी प्रशासनाखाली असताना, धावपट्टी नौदलाने ताब्यात घेतली. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नुकतीच आली होती, तिच्या विमानांना किनाऱ्यावर घर हवं होतं, आणि समुद्रालगतची तयार धावपट्टी याहून चांगली मिळणं शक्य नव्हतं. कोइमतूरजवळच्या सुलूरला असलेला ‘आयएनएस हंसा’ हा तळ १९६४ मध्ये दाबोळीला आला. तेव्हापासून हिशेब असा की धावपट्टी, हवाई वाहतूक नियंत्रण आणि आजूबाजूची बहुतेक जमीन नौदलाची, आणि एका कोपऱ्यातलं टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं. प्रवासी इथे पहिल्यापासून भाडेकरू आहे, आणि घरमालकाच्या वेळा सांभाळून राहतो.

या वेळा म्हणजे नुसती बोलायची गोष्ट नव्हती. वर्षानुवर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास, साधारण साडेआठपासून दुपारी एकपर्यंत, धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असे. त्यामुळे नागरी विमानं भल्या पहाटे, दुपारनंतर आणि रात्री दाटीवाटीने येत. दुपारी दोनच्या सुमाराला दाबोळीला उतरलं की सामानाच्या पट्ट्यावर एकाच वेळी तीन-चार विमानांची माणसं का, याचं उत्तर सुरक्षारक्षकाला विचारून उपयोग नव्हता. ते उत्तर पलीकडच्या हँगरमध्ये होतं. आज विमान थांब्याकडे जाताना खिडकीतून करड्या रंगाची विमानं दिसतात, आणि फोटो काढू नका, अशी सूचना होते. काही उत्साही हात तरीही वर जातात. माझ्या मते हा नियम पाळावा. ज्याला लढाऊ विमानांचे फोटो हवे आहेत त्याची सोय जवळच, अगदी कायदेशीरपणे केलेली आहे.

ती सोय म्हणजे बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमानसंग्रहालय. १९९८ मध्ये ते सुरू झालं. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. गोव्याला येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना याचा पत्ता नसतो, आणि जे दहा येतात त्यांतले निम्मे पोरांच्या हट्टापायी. आवारात पाऊल टाकताच समोर उभं दिसतं ते भलंमोठं, चार पंख्यांचं, तीन शेपट्या असलेलं विमान. हेच सुपर कॉन्स्टेलेशन. १९६१ ला पळालेलं नव्हे, पण त्याच जातीचं. एअर इंडियाच्या ताफ्यात ते ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने होतं. वेरूळच्या राणीने आधी मुंबईहून प्रवासी परदेशी नेले, मग ती हवाई दलात गेली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागली. आता ती दाबोळीच्या उन्हात उभी आहे. तिच्या पोटाखालून चालताना कळतं की ही बाकदार, माशासारखी लवलेली काया आजच्या नळकांड्यांपेक्षा किती देखणी होती.

बाकी विमानंही निवांत पाहण्यासारखी आहेत. शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं छोटं विमान. १९५३ मध्ये कोचीला नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात अशाच विमानांनी झाली. ‘विक्रांत’वरून १९७१ च्या युद्धात उडालेल्या सी हॉक आणि अलिझे जातीची विमानं इथे आहेत. जागच्या जागी उभं उतरू शकणारं सी हॅरियर आहे. हॅरियर १९८३ च्या अखेरीस दाबोळीला आलं आणि मे २०१६ मध्ये याच तळावर निरोप घेऊन गेलं. त्याच्या आधी, २०१० पासून, मिग-२९के इथे आलं होतं. विमानवाहू नौकेच्या डेकवरून उडण्याचा आणि दोरात अडकून थांबण्याचा सराव जमिनीवरच करता यावा म्हणून ‘हंसा’च्या आवारात चढणीची खास धावपट्टी बांधली आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीने २०१४ मध्ये तिथूनच चढणीवरून पहिली झेप घेतली, आणि २०१९ मध्ये तिथेच तारेत अडकून पहिल्यांदा उतरून दाखवलं. या कामाची किंमतही दाबोळीने दिली आहे. १ ऑक्टोबर २००२ ला टेहळणी पथकाच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन इल्यूशिन-३८ विमानं इथल्या आकाशात एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतले सर्व जण गेले.

नागरी बाजूकडे वळायचं तर, मुक्तीनंतर बराच काळ गोव्याला विमानाने जाणं ही साहेबांची चैन होती. सर्वसामान्य मुंबईकर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जाई किंवा एसटीने घाट उतरे. दाबोळीचं रूप बदललं ते १९८० च्या दशकात. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे विश्रांतीसाठी गोव्यात आले, आणि सरकारी पाहुणे येणार म्हटल्यावर जे होतं ते सगळं झालं. त्याच वर्षी जुवारीवर पूल झाला आणि पणजी-दाबोळी रस्त्यावरची फेरीबोटीची रांग संपली. दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली. आधी जर्मन, मग इंग्रज, नंतर रशियन. ऑक्टोबर ते एप्रिल हा त्यांचा मोसम. देशातल्या बऱ्याच मोठ्या शहरांना परदेशी विमानाचं तोंड दिसत नव्हतं तेव्हा या नौदलाच्या तळावर चड्डी-बनियनवरचे गोरे पर्यटक उतरत होते. पुढे देशी प्रवाशांनी त्यांनाही मागे टाकलं. २०१८-१९ या वर्षात दाबोळीहून ८४ लाखांवर प्रवाशांनी ये-जा केली.

एवढी माणसं जुन्या टर्मिनलात मावत नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये नवं एकत्रित टर्मिनल झालं. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी तेव्हापासून एकाच छताखाली आहेत. इमारत काच-पोलादाची, देशभर त्या काळात झाली तशीच. आतून पाहिलं तर आपण गोव्यात आहोत की इंदूरला, हे काजूच्या दुकानांवरूनच कळतं. काजू, बेबिंक आणि फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती नेताना बाटली सामानात टाकायची की हातात ठेवायची, यावर दर रांगेत एक तरी चर्चासत्र झडतं. बाहेरून आणलेली बाटली चेक-इन सामानात, सुरक्षा तपासणीनंतर आतल्या दुकानात घेतलेली हातात, एवढं पाळलं की पुरे. एअरोब्रिज आहेत, पण सगळ्या विमानांना नाहीत. तळावरून बसने जाण्याची तयारी ठेवावी. डिजियात्रा आहे. खाण्याचे दर इतर विमानतळांसारखेच, म्हणजे घरून डबा आणलेला बरा. हे म्हणताना सौभाग्यवतींच्या पिशवीतल्या थालीपिठांना मी स्मरतो.

विमानतळ पाहावा तर बाहेर पडतानाच्या सोयीवरून, असं मला वाटतं, आणि तिथे दाबोळीचा हिशेब संमिश्र आहे. दाबोळी ते वास्को चार-पाच किलोमीटर, मडगाव पंचवीसच्या आत, पणजी तीसच्या आत. कदंब महामंडळाच्या बसगाड्या मडगाव, पणजी आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यांकडे जातात, स्वस्त आणि वातानुकूलित. दाबोळीचं छोटं रेल्वेस्थानक टर्मिनलपासून फार लांब नाही. ते वास्को-लोंढा मार्गावर आहे, म्हणजे पोर्तुगिजांच्या काळात १८८० च्या दशकात झालेल्या त्या जुन्या लोहमार्गावर, जो पुढे दूधसागरच्या धबधब्यापाशी घाट चढतो. थोड्याच गाड्या तिथे थांबतात, पण वेळ जुळली तर सामान कमी असलेल्याने हा मार्ग सोडू नये.

टॅक्सीची गोष्ट वेगळी. गोव्यात टॅक्सी हा व्यवसाय कमी आणि राजकारण अधिक आहे. देशभर चालणाऱ्या अ‍ॅप-टॅक्सी इथे रुजल्या नाहीत. २०१८ मध्ये सरकारच्या पाठिंब्याने ‘गोवामाइल्स’ आलं, त्यावरूनही आंदोलनं झाली. बाहेर पडताच प्रीपेड खिडकी आहे. दर ठरलेले, पावती मिळते, घासाघीस नाही. आम्हाला पणजीला नेणारा चालक चिखलीचा होता. त्याला म्हटलं, मोपचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर धंद्याचं कसं? त्याने आरशातून पाहिलं, गिअर बदलला आणि म्हणाला, “पळोवया मरे. सरकार म्हणतं दाबोळी बंद होणार नाही. पण पात्रांव, सरकार काय काय म्हणतं!”

पेडण्याच्या मोप पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली. तो खासगी, मोठा आणि चोवीस तास मोकळा आहे. नौदलाच्या वेळा नाहीत की करडी विमानं नाहीत. काही आंतरराष्ट्रीय उड्डाणं दाबोळीहून तिकडे गेली आहेत. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोप हा जवळपास आपलाच विमानतळ, आणि मुंबई-दिल्लीला जाणारा कोकणी तरुण आता तिथूनच उडतो. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाला याची झळ बसली, हा आणखी एक विषय. उत्तर गोवा मोपमुळे खूश, दक्षिण गोवा साशंक. मडगाव, काणकोण, कोळवा-बाणावलीच्या हॉटेलवाल्यांना मोप म्हणजे साठ-सत्तरपासून शंभर किलोमीटरपर्यंतची रपेट. दाबोळी बंद होऊ नये, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. नौदलाची धावपट्टी तर कुठेच जाणार नाही, त्यामुळे प्रश्न फक्त भाडेकरूचा आहे, आणि भाडेकरूने चांगलं भाडं भरून दाखवलेलं आहे.

तिकीट काढताना एवढं मात्र बघा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपचा जीओएक्स. शेवटच्या एका अक्षरासाठी साठ-सत्तर किलोमीटर अंतर आणि भरपूर टॅक्सीभाडं पडतं. पणजीच्या हॉटेलात न्याहारीला भेटलेलं नाशिकचं एक जोडपं याच अक्षरावरून भांडत होतं. हॉटेल बाणावलीचं होतं, विमान मोपला उतरलं होतं, रात्र झाली म्हणून मध्येच पणजीला मुक्काम पडला होता, आणि तिकीट कोणी काढलं हा मुद्दा पोहे संपेपर्यंत सुटलेला नव्हता.